डावा फरा

माणसाच्या डाव्या खांद्याच्या हाडावर मी परमनंट मार्करने ‘आर-एच’ लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, भोवती चौकोनही काढला, कारण आमच्या कारखान्यात तसा नियम आहे. आर-एच म्हणजे राइट हँड, उजव्या बाजूचा.

कारखान्याचं आधी सांगतो, म्हणजे माझी लाज किती मापाची होती ते कळेल. फरीदाबादला गाड्यांचे बाहेरचे आरसे बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या क्वालिटी खात्यात मी बावीस वर्षं आहे. आरसा उजवा की डावा, हा माझ्या आयुष्याचा मुख्य प्रश्न. नवीन कुणी कामावर लागला की पहिल्या दिवशी त्याला माझं भाषण ऐकावं लागतं: डावं-उजवं गाडीसमोर उभं राहून ठरवायचं नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं. समोरून बघाल तर सगळं उलटं दिसेल. हे भाषण मी इतक्यांदा दिलंय की कँटीनवालासुद्धा माझ्या आधी शेवटचं वाक्य म्हणतो. आणि घरी, स्वतःच्या दिवाणखान्यात, मी हाडाच्या समोर उभा राहिलो.

हाड घरात आलं कारण आमची लेक दिल्लीत डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिथे रीत अशी की वरच्या वर्षाची मुलं खालच्यांना हाडांची पिशवी देतात. पिशवीत खरी, माणसाची हाडं असतात, फक्त एका बाजूची. याला ‘हाफ सेट’ म्हणतात. वर्षभर वापरायची आणि पुढच्याला द्यायची. किती वर्षं ती पिशवी अशी फिरतेय कुणाला माहीत नाही, पण हाडांना जुन्या देवघरासारखा पिवळट तुकतुकीतपणा आला होता. लेकीच्या वाट्याला डावी बाजू आली होती. हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

तिला माहीत नव्हतं त्याला कारण होतं. कॉलेजात हाताचा आणि खांद्याचा भाग शिकवला त्याच दोन आठवड्यांत तिला डेंग्यू झाला. उठून बसायचे दिवस आले तेव्हा तोंडी परीक्षा गुरुवारवर आली होती. त्या परीक्षेत समोर हाड ठेवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या बाजूचं? ते चुकलं की पुढचं काही विचारतच नाहीत. ती पलंगावर पुस्तक आणि हाड घेऊन बसली होती, तिचा चेहरा त्या हाडाइतकाच पिवळा, आणि म्हणाली, “बाबा, हे राइट आहे का लेफ्ट, यार, बिल्कुल समजत नाहीये.”

दहावीनंतर तिने मला अभ्यासातलं काही विचारलं नव्हतं. अकरावीच्या भौतिकशास्त्रात मी एकदा तिने न विचारताच मदत केली होती, त्यानंतर तर मुद्दाम नाही. आणि आता ती मला विचारत होती, तेही डावं-उजवं. मी हात धुऊन आलो.

खांद्याच्या मागे, पाठीवर, जे पसरट त्रिकोणी हाड असतं, त्याला आमच्याकडे फरा म्हणतात. लेकीला हा शब्द माहीत नाही, ती स्कॅप्युला म्हणते. फऱ्याची एक बाजू थोडी खोलगट असते, ती बरगड्यांवर टेकते. दुसऱ्या बाजूला आडवी उंच धार असते, ती पाठीच्या कातडीखाली येते. आणि वरच्या एका कोपऱ्यात उथळ वाटी, तीत दंडाच्या हाडाचा गोळा बसतो. मी फरा हातात धरला, खोलगट बाजू माझ्याकडे. वाटी माझ्या उजव्या हाताला आली. उजवीकडे वाटी, म्हणजे उजवा फरा. झालं! मग गळ्याखालचं आडवं हाड घेतलं, मग दंडाचं. तिन्ही हाडं एकाच पद्धतीने तपासली आणि तिन्हींवर आर-एच लिहिलं. क्वालिटीच्या माणसाचं एक असतं, चूक केली तरी सगळ्या मालावर सारखी करतो.

लेकीने विश्वास ठेवला. त्याच चिन्हांवरून तिने वहीत नियम लिहून काढले, ते पाठ केले आणि गुरुवारी गेली.

संध्याकाळी आली ती बूट न काढता सोफ्यावर बसली. तिच्या मॅडमनी नेमका डावा फराच समोर ठेवला होता. ती म्हणाली, राइट. मॅडम म्हणाल्या, “अच्छा? पहन के दिखाओ.” तिने तो उचलून पाठीमागे उजव्या बाजूला धरला. वाटी बाहेर यायला हवी, टोक खाली, हे तिला माहीत होतं, पण तसं धरल्यावर ती उंच धार बरोबर तिच्याच बरगड्यांत रुतायला लागली. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “बेटा, इसको पहन के सोओगी कैसे?” सगळी बॅच हसली. सोमवारी परत या, म्हणाल्या. सोमवारी जमलं नाही तर टर्मच्या परीक्षेला बसता येणार नाही, ती मागे राहिलेल्यांबरोबर सहा महिन्यांनी द्यावी लागेल.

मी म्हणालो, मॅडमचंच काही चुकलं नसेल ना. मग पुस्तक मागवलं, फरा मागवला, आणि पाच मिनिटांनी पुस्तक मिटलं. हाडाच्या समोर उभा राहिलेला मीच होतो. लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फरा माझ्या हातातून काढून घेतला.

माझी बायको ब्लाउज शिवते. सेक्टरमधल्या पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्या बायका तिच्याकडे येतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण फक्त रात्री होतं, दिवसभर त्यावर कापड असतं. ती कात्री खाली ठेवून आली, फरा दोन्ही हातांत घेतला आणि माझं अक्षर बघितलं. “हे परमनंट मार्करनं लिहिलंत?” मी म्हणालो, पुसलं जाऊ नये म्हणून. ती म्हणाली, “अहो, कुणाचं तरी हाड आहे ते.”

एवढंच. मग नेलपॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेऊन बसली आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसं ते हाड पुसत राहिली. चौकोन गेला, अक्षरं फिकी झाली, पण पूर्ण गेली नाहीत. नंतर तिने टेप काढून गळ्याखालचं हाड मोजलं, काही वेळ मनात हिशेब केला आणि म्हणाली, हिचा खांदा साडेतेरा असणार, फार बारीक बाई होती. बाई कशावरून, मी विचारलं. त्यानंतर मात्र ती हाडं जमिनीवर ठेवू देईना. खाली कापड घालायला लावलं.

मग लेकीला म्हणाली, “मॅडम काय म्हणाल्या? घालून दाखव. मग घालूनच शिकायचं. ब्लाउजची डावी बाही मी समोरून बघून लावते का? जिनं घालायचाय तिच्या डावीकडची ती डावी.”

हे माझं भाषण होतं. शब्दशः. बावीस वर्षांचं. मी तसं म्हणून दाखवलं, तर दोघींनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आल्या आल्या बायको म्हणाली, “तुम्ही शर्ट काढा आणि तिकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहा.”

नोव्हेंबर होता. बाहेर तो आपला करडा धूर, खिडक्या बंद, आणि मी बनियनसुद्धा न घालता कॅलेंडरच्या खिळ्याकडे बघत उभा. लेकीने शिवणाचा निळा खडू घेतला. आईने सांगितलं, यांच्या पाठीवर आधी हाड शोध, मग हातातलं हाड त्याच्या शेजारी धर, म्हणजे कधी विसरणार नाहीस. लेक शोधायला लागली. शोधत राहिली. बोट रुतवून, अंगठा रुतवून. शेवटी म्हणाली, “आई, इथे काहीच नाहीये.”

“आहे गं,” बायको म्हणाली, “खाली आहे. दाब.”

माझ्या शरीराबद्दल माझ्या पाठीमागे, अगदी पाठीला लागूनच, बराच वेळ चर्चा झाली. मला तिचा तपशील द्यायचा नाही. मग बायकोचा अंगठा आला. ती एका झटक्यात खांद्याच्या टोकावर पोचली, जिथे बाहीची शिवण बसते तो उंचवटा. तिथून पुढे वळलं की गळ्याखालचं आडवं हाड, मागे वळलं की फऱ्याची धार. धार पकडून आत, मणक्याच्या दिशेने. मग कडेनं खाली, ब्लाउजची पाठीमागची पट्टी येते साधारण तिथे फऱ्याचं खालचं टोक. तिला एकाही गोष्टीचं डॉक्टरी नाव माहीत नव्हतं. लेक एकेक नाव सांगत गेली आणि खडूने रेघ ओढत गेली, आणि थंड खडू कातडीवर फिरतो तेव्हा माणूस हलतोच, पण मी हललो की दोघी ओरडत.

उभ्या उभ्या मीही शिकलो थोडं, कान तर उघडे होते. एवढा मोठा हात, त्याने आपण पोती उचलतो, आणि तो धडाला हाडाने जोडलेला असतो फक्त एका ठिकाणी, गळ्याच्या खाली, त्या बोटाएवढ्या आडव्या हाडाच्या आतल्या टोकाला. फरा तर बरगड्यांना कुठे जोडलेलाच नाही. नुसता स्नायूंत तरंगत असतो. असं डिझाइन आमच्याकडे आलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं. हे मी मोठ्याने म्हणालो. लेक म्हणाली, “बाबा, प्लीज.”

शुक्रवारची संध्याकाळ अशी गेली. शनिवारी तिने न विचारता दोन्ही बाजूंना फरे काढले, डावा आणि उजवा, आणि मागे सरकून बघितलं. काहीच आवाज येईना म्हणून मी मान वळवली. तिचे डोळे भरले होते. दोन्ही चित्रं जुळत नव्हती. उजवं खाली आलं होतं, चांगलं बोटभर. तिने पुसून परत काढलं, परत खालीच. तिसऱ्यांदाही. खडू टेबलावर ठेवून ती म्हणाली, “आई, मला नाही जमणार. मला हात लावून पण कळत नाहीये. मी सहा महिन्यांनीच देते.”

मी लगेच बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे या प्रसंगासाठी एक तक्ता तयार होता, शुक्रवारी ऑफिसात बसून केलेला. तपासणीचा मुद्दा, अपेक्षित स्थिती, प्रत्यक्ष स्थिती, शेरा. रंगीत प्रिंट काढून आणली होती. ती मी खिशातून काढत होतो, तेवढ्यात बायको आली, माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “तुझं बरोबर आहे. यांचा उजवा खांदाच खाली आहे. अर्धा इंच. मी चौदा वर्षं यांचे शर्ट तसेच दुरुस्त करतेय.”

लेकीने नाक पुसलं. मी वळलो. चौदा वर्षं? सरोजिनी नगरच्या बाजारातून शर्ट आणला की ती तो दोन दिवस ठेवून घ्यायची. मला वाटायचं, बटणं पक्की करते. ती दर वेळी उजव्या खांद्याची शिवण उसवून अर्धा इंच खाली घ्यायची, म्हणजे कॉलर सरळ बसावी. चौदा वर्षं मी आरशात सरळ माणूस बघत होतो. मी आरशांच्या कंपनीत कामाला आहे.

“मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सांगून काय झालं असतं? तुम्ही त्यावर बोलत बसला असतात.”

लेक हसली. डेंग्यूनंतर पहिल्यांदा. मग माझ्या जवळ येऊन, या वेळी न घाबरता, तिने परत उजव्या खांद्याचं टोक शोधलं, धार पकडली आणि खालपर्यंत एका दमात रेघ ओढली. मला दिसत नव्हतं, पण खडू अडखळला नाही हे कळलं. तिच्या बोटांनी अर्धा इंच पकडला होता, तो मला चौदा वर्षांत सापडला नव्हता. मी तक्ता खिशात परत ढकलला. रविवारी दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, मध्ये जेवायला सोडलं तेवढंच. कॅलेंडरवरचे सगळे उपास मला पाठ झाले.

सोमवारी मी अर्धी रजा घेतली. गरज नव्हती, लेक रोज एकटी मेट्रोने जाते, पण हाडं जड आहेत, असं मी म्हणालो आणि पिशवी खांद्याला लावली. उजव्या. मग आठवलं म्हणून डाव्या. स्टेशनवर पिशवी तपासणीच्या मशीनमधून गेली तसा पडद्यामागचा माणूस पुढे वाकला आणि म्हणाला, “इसमें क्या है, अंकल?”

मी म्हणालो, मशीन के पार्ट्स. का म्हणालो ते विचारू नका. हाडं म्हणायला जीभ वळेना. त्याने पिशवी बाजूला काढली, चेन उघडली आणि माझ्याकडे असं बघितलं की मागची रांगही माझ्याकडे बघायला लागली. लेक पुढे आली, ओळखपत्र दाखवलं आणि शांतपणे म्हणाली, “भैया, बोन सेट है.” तो म्हणाला, “तो बोलो ना मैडम, रोज़ आते हैं,” आणि त्याने पिशवी तिच्या हातात दिली. तिने ती परत मला धरायला दिली नाही.

गाडीत उभंच राहावं लागलं. लेक माझ्या मागे होती. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर जॅकेटवरून पाठीत काहीतरी टोचलं. तिचं बोट होतं. खांद्याच्या टोकावर थांबलं, धारेवरून आत गेलं, कडेनं खाली उतरलं, टोकाला थांबलं. मग डाव्या बाजूला. समोर बसलेली एक बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि मला तिला समजावून सांगायची फार इच्छा झाली. मी वरची दांडी धरून खिडकीकडे बघत राहिलो. लेकीला आणखी दोन स्टेशनं मिळावीत एवढंच वाटत होतं. मिळाली. उतरताना तिने माझ्या पाठीवरची जॅकेटची सुरकुती सरळ केली.

कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर मी तीन चहा प्यायलो. तिसरा अर्धा असताना ती आली आणि चालण्यावरूनच कळलं. मॅडमनी तिच्यासमोर फरा ठेवला होता, या वेळी वेगळा, उजवा. तिने तो उचलला, आधी स्वतःच्या पाठीमागे नेला, मग म्हणाली, राइट. मॅडमनी विचारलं, कशावरून? तिने सांगितलं. मग आडवं हाड, मग दंडाचं, मग मॅडमनी तिच्याच एका मैत्रिणीला उभं करून स्वेटरवरून फऱ्याचं खालचं टोक शोधायला सांगितलं. मैत्रीण बारीक होती, त्यामुळे ते फारच सोपं गेलं, लेक म्हणाली, आणि माझ्याकडे बघून गप्प झाली.

“मॅडमनी विचारलं, किसने सिखाया,” ती म्हणाली. मी चहाचा ग्लास खाली ठेवला, आणि जरा सरळ झालो, होता येईल तेवढा. ती म्हणाली, “मी म्हटलं, मम्मी ने. वो टेलर हैं.”

बरोबरच होतं. तक्रार करायला जागा नव्हती, आणि तीच माझी तक्रार आहे. मी ऑफिसला गेलो, दुपारची शिफ्ट केली, एका नव्या माणसाला ड्रायव्हरच्या सीटचं भाषण देताना मधेच थांबलो आणि त्याला म्हणालो, जाऊ दे, गाडीत बसून बघ म्हणजे कळेल.

संध्याकाळी घरी आलो तर बायको कापडावर वाकली होती, ओठांत टाचण्या. लेकीने तिला फोनवर सगळं सांगितलंच होतं, पण मी पुन्हा सांगितलं, टेबलाला टेकून, नीट क्रमाने. मेट्रोत तिने माझ्या पाठीवर उजळणी कशी केली, मी हललो कसा नाही, ही माझी रुंद पाठ नसती तर बारीक माणसावर तिला इतकं सोपं गेलं असतं का, आणि एकंदरीत बघता या कामात माझाही काही वाटा आहे की नाही. तिने मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईची, रेघ पूर्ण केली. मग ओठांतल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या.

“आहे ना,” ती म्हणाली. “तीन दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात आणि कुणाला काही शिकवलं नाहीत. त्यामुळेच झालं. आता जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”